बंदीच्या दिवसांत घरची प्रार्थना कशी बसवावी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मासळीच्या प्रजननाचा हा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून ही बंदी. अर्नाळा, वसईचे पाचूबंदर, उत्तन, गोराई, मनोरी, खाली रेवदंडा-कोर्लई आणि त्याही पुढे मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जी ख्रिस्ती घरे समुद्रावर पोसली जातात, त्यांच्या वर्षातला हा असा एकच सलग काळ आहे, की ज्यात बाप रात्री घरात झोपतो, मुले त्याला सकाळी पाहतात आणि सगळे एकाच वेळी जेवायला बसू शकतात. बसतातच असे नाही. सवड मिळाली की माणसे आपोआप जवळ येतात आणि देवाची आठवणही आपोआप होते, हा समज बहुतेक घरांत जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच खोटा ठरतो, कारण मोकळ्या घरात आधी कुरबुर शिरते, मग टीव्ही आणि मोबाईल शिरतात आणि जुलै संपेपर्यंत सगळेजण होडी केव्हा पाण्यात जाते याची वाट पाहू लागतात. मोकळ्या वेळाला कुठेतरी खुंटी ठोकावी लागते. ती कशी ठोकावी, यासंबंधी काही सूचना येथे मांडल्या आहेत. त्या मुख्यतः कॅथलिक घरांना उद्देशून असल्या, तरी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील कुटुंबांनाही थोड्या फरकाने उपयोगी पडतील.

आपल्या घराचा संथ काळ कोणता, ते आधी ठरवावे

प्रत्येक घराला सवड जूनमध्येच मिळते असे नाही. ज्यांची भातशेती आहे त्यांचे जून-जुलै चिखलणी आणि लावणी यांत जातात आणि उसंत मिळते ती लावणी आटोपल्यावर. मालवण-तारकर्ली भागात पर्यटकांवर चालणारी घरे पावसाळ्यात ओस पडतात, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ त्या काळात बंद असतात. बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाच्या घराला संथ काळ मिळतो तो त्याचा करार संपल्यावर, मग महिना कुठलाही असो. काही घरांत हा काळ आजारपण किंवा निवृत्ती घेऊन येते आणि तो कोणी मागितलेला नसतो.

म्हणून पहिले काम म्हणजे चर्चमधून मिळालेले जे कॅलेंडर घरात भिंतीवर असते, ते खाली काढून आपल्या संथ काळाची सुरुवात आणि शेवट या दोन्ही तारखांना खूण करणे. यांतली शेवटची तारीख अधिक महत्त्वाची समजावी. ‘आजपासून रोज’ असे म्हणून धरलेला नेम आठवड्यात सुटतो. ‘३१ जुलैपर्यंत’ असे म्हणून धरलेला नेम माणूस सहसा तडीस नेतो, कारण त्याला पल्ला दिसत असतो. पुढची उदाहरणे मासेमारीच्या घरांची आहेत. इतरांनी ती आपल्या धंद्याला लावून घ्यावीत.

आधी हिशेब, मग जपमाळ

बंदीच्या काळात घरात जी चिडचिड असते, तिचे मूळ बहुधा पैशात असते. होडीचे कर्ज, इंजिनाची दुरुस्ती, नव्या हंगामासाठी खलाशांना द्यायची उचल, मुलांची फी आणि वह्या-पुस्तके हे सगळे नेमके मिळकत थांबलेली असताना अंगावर येते. नाखवा, म्हणजे होडीचा धनी, ते ओझे एकटाच डोक्यात घेऊन ओटीवर बसतो. त्याची बायको तेच ओझे, वेगळ्या आकड्यांनिशी, स्वयंपाकघरात वाहत असते. आणि दोघांची गाठ पडते ती भांडणात. अशा घरात प्रार्थनेला बसवले तर माणसे बसतील, ओठही हलवतील, पण मन हिशेबातच राहील. त्यामुळे बंदीच्या पहिल्या आठवड्यात एक संध्याकाळ हिशेबासाठी काढावी आणि येणे, देणे, घरात भरलेली आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, किती दिवस पुरेल आणि कुठला खर्च पुढे ढकलता येईल, हे सगळे एका कागदावर सर्वांसमोर लिहावे.

मुलांना कर्जाचा आकडा सांगू नये असे मानणारे पुष्कळ आहेत. माझे मत उलट आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घरातला ताण कळतोच, फक्त त्याचे कारण कळत नाही, आणि कारण न कळलेले मूल दोष स्वतःकडे ओढून घेते. हिशेब संपल्यावर लांबलचक प्रार्थना करू नये. प्रभूने शिकवलेली प्रार्थना एकदा सावकाश म्हणावी आणि रोजच्या भाकरीच्या ओळीवर क्षणभर थांबावे. समोर आकड्यांचा कागद असताना त्या ओळीला जो अर्थ येतो, तो एरवी घाईत येत नाही.

दारूबद्दलही येथेच बोलले पाहिजे, कारण बंदीत ती वाढते हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी चर्चच्या व्यासपीठावरून त्याविषयी कोणी बोलत नाही. पिऊन आलेल्या माणसासमोर मुद्दाम मोठ्या आवाजात जपमाळ सुरू करणे हा टोमणा असतो आणि त्यालाही तो टोमणाच वाटतो. त्या रात्री मुलांना घेऊन दुसऱ्या खोलीत थोडक्यात प्रार्थना करावी आणि बोलायचे ते सकाळी, तो शुद्धीवर असताना, बोलावे. तो हात उगारत असेल तर मात्र सहनशीलतेच्या नावाखाली गप्प बसू नये. धर्मगुरूंना किंवा पाळकांना सांगावे, माहेरच्या माणसांना कळवावे, महिलांसाठी असलेल्या १८१ या क्रमांकावर किंवा तातडीच्या वेळी ११२ वर फोन करावा. ख्रिस्ती विवाहाच्या वचनात मार खाण्याचे वचन नाही.

बंदी होड्यांना असते, स्त्रियांना नसते

होड्या शाकारल्या, म्हणजे पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून झाकल्या, की पुरुषांचे काम निम्म्याने उतरते. स्त्रियांचे उतरत नाही, उलट वाढते. सुके बोंबील आणि जवळा घेऊन भर पावसात बाजारात बसायचे, न वाळणारे कपडे घरातल्या घरात दोऱ्यांवर हलवत राहायचे आणि आता दिवसभर घरात असणाऱ्या माणसांना दोन वेळा जास्तीचा चहा द्यायचा, हे सगळे तिच्याच वाट्याला येते. अशा वेळी संध्याकाळी सात वाजता पुरुषाने ओटीवरून ‘चला, प्रार्थनेला बसा’ अशी हाक द्यायची आणि तिने तव्यावरची भाकरी अर्धवट टाकून पदराला हात पुसत येऊन बसायचे, ही घरोघरी दिसणारी चूक आहे. मग कोणीतरी मार्था आणि मरियेची गोष्ट काढतो: मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतलेली आणि तिची बहीण मरिया प्रभूच्या पायांशी ऐकत बसलेली. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली ही गोष्ट आजवर कामात बुडालेल्या बाईला गप्प बसवण्यासाठी इतक्या वेळा वापरली गेली आहे, की ती पुन्हा काळजीपूर्वक वाचलेली बरी. प्रभू मार्थेला तिच्या चिंतेविषयी बोलतो, तेही तिचे नाव दोनदा घेऊन, जिव्हाळ्याने. घरातल्या इतरांना बसून राहण्याची परवानगी तो कुठेही देत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. होडीवर खलाशी स्वतः भात शिजवतात, मासळी साफ करतात, कालवण करतात; तेच हात घरी आल्यावर हे सगळे विसरतात. बंदीच्या काळात संध्याकाळचे एक ठरावीक काम पुरुषांनी आणि मुलग्यांनी अंगावर घ्यावे, मग ते भांडी घासणे असो, मासळी कापणे असो की पाणी भरणे असो, आणि ते काम संपल्याशिवाय प्रार्थना सुरू करू नये. जवळीक वाढवण्यासाठी वेगळे काही करण्याआधी एवढे केले, तरी घरातली हवा बदलते. हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो तेव्हा मुली हसतात आणि मुलगे खिडकीबाहेर पाहतात, यावरून सूचना योग्य ठिकाणी लागली असावी.

वेळ, जागा आणि मोजमाप

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा जिथे अजून वाजते तिथे वेळ ठरवण्याचा प्रश्नच नाही. घंटा हीच वेळ. जिथे ती ऐकू येत नाही, तिथे जेवणाच्या अर्धा तास आधीची वेळ धरावी. जेवणानंतरची वेळ टाळावी, कारण लहान मुले पेंगतात आणि मोठ्यांचे डोळे मालिकेच्या वेळेकडे लागतात. देवघर किंवा अल्तार ज्या खोलीत आहे तिथेच बसले पाहिजे असा हट्ट नको. आजीला जिथे पाय पसरून बसता येते, ती जागा सर्वांत योग्य होय.

पूर्ण जपमाळेला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. ज्या घरात ही सवय आहे, त्यांनी ती चालू ठेवावी: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये (म्हणजे प्रभूच्या आणि मरियेच्या जीवनातले मननाचे प्रसंग), मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्ये, जी पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली. ज्या घरात अनेक वर्षे एकत्र प्रार्थना झालेली नाही, त्यांनी पहिल्याच दिवशी पाच रहस्यांचा घाट घालू नये. एकच रहस्य घ्यावे: एकदा ‘आमच्या स्वर्गातील पित्या’, दहा वेळा ‘नमो मारिया’ आणि शेवटी त्रैक्याचा गौरव. तीन-चार मिनिटांत ते होते. पंधरा दिवस तेवढेच ठेवावे आणि मुलांनी स्वतः विचारल्याशिवाय वाढवू नये. थोडेसेच हाती घेऊन रोज करणारे घर, खूप हाती घेऊन चौथ्या दिवशी सोडणाऱ्या घरापेक्षा पुढे जाते, आणि हे जपमाळेइतकेच स्तोत्राला आणि कुटुंब-उपासनेलाही लागू आहे. प्रॉटेस्टंट घरांनी एक स्तोत्र, एक गीत आणि प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, एवढ्यावर सुरुवात करावी. गीतांची उणीव आपल्याकडे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांची भजने मराठी मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात, आणि त्यांच्या चाली आजीला पाठ असतात, हे पुष्कळ नातवंडांना ठाऊकच नसते.

मोबाईल एका टोपलीत ठेवावेत, हे खरे. पण घरातला कोणी बोटीवर किंवा आखातात असेल आणि त्याचा फोन याच वेळी येत असेल, तर तो फोन घ्यावा, सर्वांना ऐकू येईल असा ठेवावा आणि उरलेली प्रार्थना त्याच्यासह म्हणावी. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला जबरदस्तीने बसवू नये. त्याच्याकडे काम द्यावे: वाचन त्याचे, गिटार त्याची, वीज गेली तर दिवा लावण्याची जबाबदारीही त्याची. पावसाळ्यात किनाऱ्यावरची वीज जातेच, आणि प्रार्थनेच्या दृष्टीने ती गैरसोय मुळीच नव्हे.

काय वाचावे आणि कसे

येथे थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक घरांत बायबल असते आणि ते कपाटात असते. आपल्या किनाऱ्याला मोठ्याने वाचन ऐकण्याची जुनी परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, आणि ज्यांना स्वतः वाचता येत नव्हते ते ख्रिस्ती लोक त्यातली प्रभूची कथा चर्चमध्ये बसून ऐकत. वाचनाला असे श्रोते असले की मजकूर उलगडतो. एकट्याने मनात वाचण्यापेक्षा घरातल्या एकाने वाचावे आणि इतरांनी काम करता करता ऐकावे, ही पद्धत म्हणूनच मला अधिक पसंत आहे. भाषेचा अडसर असेल तर सोपे भाषांतर निवडावे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेले सुबोध बायबल याच अडचणीसाठी उपयोगी पडते. जुने भाषांतर ज्यांच्या कानात बसले आहे त्यांनी तेच ठेवावे, आणि मुलांना अडलेला शब्द आजोबांना विचारू द्यावा.

मार्कचे शुभवर्तमान सर्वांत लहान आहे. त्याचे १६ अध्याय आहेत, म्हणजे ६१ दिवसांत साधारण चार दिवसांना एक अध्याय अशा सावकाश गतीने ते पुरे होते. रोज दहा-बारा ओळींच्या पुढे जाऊ नये.

एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. पावसाची झड लागलेली आहे. ओटीवर मधोमध सूप ठेवले आहे, त्यात सुका जवळा, आणि भोवती बसलेली माणसे त्यातून बारीक शिंपल्या, खडे, काडीएवढे खेकडे बोटांनी निवडून बाजूला काढत आहेत. बापाच्या मांडीवर जाळ्याचा फाटलेला भाग पसरला आहे. पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून धरून तो सुईने एकेक डोळा पुन्हा बांधत आहे. सहावीतली मुलगी मार्कच्या पहिल्या अध्यायातला सोळाव्या ते विसाव्या ओवीपर्यंतचा भाग वाचते. प्रभू गालील समुद्राच्या काठाने चालला आहे, शिमोन आणि अंद्रिया जाळे टाकत आहेत, थोडे पुढे याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करत आहेत. प्रभू त्यांना बोलावतो, आणि ते आपला बाप जब्दी याला मोलकऱ्यांसह होडीत सोडून त्याच्या मागे जातात.

बहुतेक प्रवचने त्या दोन मुलांबरोबर पुढे निघून जातात. कोळ्याच्या घराने जब्दीजवळ थांबावे. मुलीने वाचन संपवल्यावर एवढेच विचारावे: ‘जब्दीला त्या संध्याकाळी कसे वाटले असेल?’ आणि मग गप्प बसावे. ज्या घरातला मोठा मुलगा ‘मला होडी नको’ असे सांगून मुंबईला नोकरीला गेला आहे, किंवा जायच्या बेतात आहे, त्या घरात हा प्रश्न गोष्टीपुरता राहत नाही. बाप कदाचित काहीच बोलणार नाही, जाळ्यावरून नजर उचलणार नाही. कदाचित एवढेच म्हणेल, की जब्दीकडे निदान मोलकरी तरी होते. त्या एका वाक्यात त्याने दोन वर्षे जे कोणाला सांगितले नाही ते सांगितलेले असते. मुलगा समोर असेल तर त्याने लगेच स्वतःची बाजू मांडू नये. नंतर कधीतरी, होडी रंगवताना, विषय निघेल. जब्दीची पुढची हकीकत शुभवर्तमान सविस्तर देत नाही, पण त्याची बायको, म्हणजे त्याच दोघांची आई, क्रुसाकडे दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत असल्याचे मत्तय सांगतो; म्हणजे मुले गेली तरी घर तुटले नव्हते. हे आजीने सांगावे. तिने सांगितलेले मुलांच्या लक्षात राहते.

वसईच्या घरांना याच धाग्यात आणखी एक गोष्ट घेता येईल. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया तरुणपणीच समुद्रमार्गे जपानकडे गेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले आणि १८६२ साली संतपदाला पोहोचले. त्यांची आई वसईचीच होती. मुले परगावी जाण्याचे दुःख आपल्या किनाऱ्याला नवे नाही, हे मुलांना आणि त्यांच्या आईबापांनाही यातून कळते.

इतर वाचने थोडक्यात सांगतो. लूकच्या पाचव्या अध्यायात रात्रभर राबून काही हाती न लागलेले कोळी जाळी धूत बसले आहेत. हंगाम वाईट गेला असेल त्या वर्षी हा भाग घ्यावा. वादळाच्या रात्री मार्कचा चौथा अध्याय, जिथे प्रभू होडीच्या मागच्या भागात उशीला डोके टेकून झोपला आहे. मुलांना ही उशी फार आवडते. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर कोळशांच्या विस्तवावर मासळी भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. जाळ्यातले १५३ मासे लिहिणाऱ्याने मोजून ठेवले, यावर कुठलाही नाखवा मान डोलावेल. १०७ व्या स्तोत्रात गलबतांतून समुद्रावर जाणाऱ्यांच्या ओळी आहेत आणि १२८ वे स्तोत्र सहाच ओव्यांचे आहे, त्यात जेवायला एकत्र बसलेले घर आहे. एवढी सामग्री एका पावसाळ्याला पुरे.

वाचनानंतर वडीलधाऱ्यांनी प्रवचन देऊ नये, हा नियम काटेकोर पाळावा. ‘म्हणून तुम्ही आईबापांचे ऐकले पाहिजे’ असा शेवट दोनदा झाला, की तिसऱ्या दिवशी मुलांना अभ्यास आठवतो.

पावसाळ्यातले सण

चर्चच्या दिनदर्शिकेत हा सामान्य काळ असला, तरी घराला धरून ठेवणारे दिवस त्यात पुष्कळ आहेत. १३ जूनला संत अंतोनी. २४ जूनला संत योहान बाप्तिस्मा करणारा यांचा जन्मोत्सव. गोव्यात या दिवशी विहिरीत उड्या घेतात, कारण आईच्या उदरात बाळ योहानाने आनंदाने उडी मारली असे लूक सांगतो. भरलेल्या विहिरी आणि दारू यांचा मेळ धोक्याचा असल्याने मुलांना ही प्रथा गोष्टीपुरतीच ठेवावी आणि त्यांना अंगणातल्या पावसात भिजू द्यावे. २९ जूनला पेत्र आणि पौल. पेत्र कोळी होता, म्हणून त्या दिवशी शाकारलेल्या होडीजवळ सगळ्या कुटुंबाने जावे, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाने होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवून प्रार्थना करावी, आणि होडीवर काम करून गेलेल्या, आता हयात नसलेल्या माणसांची नावे घ्यावीत. धर्मगुरू येऊ शकले तर उत्तमच. नाही आले म्हणून अडू नये. जवळच्या हिंदू कोळी घरांतली माणसे सहज येऊन उभी राहतात, त्यांना प्रसंग समजावून सांगावा; नारळी पौर्णिमेला आपणही त्यांच्या दारी जातोच.

२६ जुलै हा प्रभूच्या आजी-आजोबांचा, संत ॲना आणि संत जोआकिम यांचा दिवस. त्याच्याच आसपासचा, जुलैचा चौथा रविवार पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा दिवस म्हणून ठेवला आहे. भेटकार्डांपेक्षा त्या दिवशी नातवंडांनी आजीकडून एखादा पदार्थ मोजमापासह लिहून घ्यावा, आणि आजोबांना त्यांच्या पहिल्या होडीचे नाव विचारावे. १५ ऑगस्टला स्वर्गोन्नयनाचा सण येतो आणि ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मदिन. तोवर होड्या पाण्यात असतात, तेव्हा ते दोन दिवस बापाच्या फेरीच्या हिशेबात आधीच धरावेत.

रविवारच्या मिस्साला पावसातही एकत्र जावे आणि एकाच बाकावर बसावे. अनेक गावांत पुरुष दाराशी उभे राहतात. निदान या दोन महिन्यांत त्यांनी आत येऊन बसावे.

ज्यांच्याशी बोलणे नाही त्यांच्याकडे जाणे

होडीतला वाटा, बापजाद्यांची जमीन, कुंपणाचा दगड, लग्नातला एखादा अपमान. किनाऱ्यावरच्या क्वचितच एखाद्या घरात असे अबोला धरलेले नाते नसेल. हंगामात कोणाला वेळ नसतो, त्यामुळे अबोला वर्षानुवर्षे खपून जातो. घरची प्रार्थना महिनाभर नीट चालली, की हा विषय आपोआप आड येऊ लागतो, कारण अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ रोज म्हणावी लागते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने स्पष्ट सांगितले आहे, की अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे.

समेटाला जाताना वकिली करू नये आणि जुना हिशेब मांडू नये. दोघा भावांची बोलणी बंद असतील तर पहिली फेरी त्यांच्या बायकांनी किंवा मुलांनी करणे सोपे जाते. हातात काहीतरी असावे, सुक्या बोंबलांची जुडी पुरे. बसावे, चहा घ्यावा, मुलांच्या शाळेचे विचारावे आणि उठावे. वाद जमिनीचा असेल आणि कोर्टात असेल तर तो तिथे चालू राहिला तरी एकमेकांच्या घरच्या मयताला आणि बाप्तिस्म्याला जाण्याइतके नाते राखता येते, आणि पुष्कळदा तेवढेच साधते. पापनिवेदनासाठीही ह्याच दिवसांत धर्मगुरूंकडे निवांत वेळ असतो. नाताळच्या आधीच्या रांगेत उभे राहून दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते आता सांगता येते.

होड्या पुन्हा पाण्यात गेल्यावर

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ, डिझेल, राशन, खलाशी या धावपळीत सगळे मोडते. ते मोडणारच, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. त्याआधी एकदा बसून, या दोन महिन्यांतली कोणती एकच गोष्ट पुढे ठेवायची ते सर्वांनी मिळून ठरवावे. कोणाच्या घरी ते रविवारचे एकत्र जेवण असेल, कोणाच्या घरी एक रहस्य, कोणाच्या घरी बंदरावरून निघताना बापाने मुलांच्या कपाळावर अंगठ्याने काढलेला क्रूस असेल. दोन गोष्टी ठेवू नयेत, दोन्ही सुटतात. फोनची रेंज किनाऱ्यापासून काही अंतरावर जाते, तेव्हा होडीवरून फोन करायचा असेल तर तो निघाल्यानंतरच्या पहिल्या तासात करावा, हे मुलांना सांगून ठेवावे, म्हणजे ती रात्रभर वाट पाहत बसणार नाहीत.

बाप समुद्रावर असताना घरची प्रार्थना कोणी चालवायची, हेही तेव्हाच ठरवावे. आई बाजारातून उशिरा येते, त्यामुळे तिच्यावरच सगळे टाकू नये. आठवड्याची पाळी लावावी, आणि त्या पाळीत आजीपासून धाकट्यापर्यंत सगळे असावेत. फेरीहून परतलेल्या बापाने सुरुवातीचा मान लगेच आपल्याकडे ओढून घेऊ नये. त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्यालाच सुरुवात करू द्यावी आणि आपण इतरांबरोबर उत्तराचा भाग म्हणावा.